वाईला जाताय ना, मग रात्र वाईतच काढा

तुमचा प्रश्न असा की ठाण्याहून शनिवार-रविवार स्वतःच्या गाडीने निघायचं, सोबत सत्तरी ओलांडलेले आई-बाबा, त्यात आईंचे गुडघे दुखतात, मुलं दोन, एक तिसरीत एक आठवीत. महाबळेश्वरला जायचं नक्की आहे, वाटेत वाई लागते, तर तिथे दोन-तीन तासांत काय काय बघून होईल. मी बरीच वर्षं पुण्याहून छोटे ग्रुप घेऊन वाई-मेणवलीला जाते, घाट, देवळं, वाडे दाखवते, हेच माझं काम आहे, आणि हा प्रश्न मला दर सीझनला येतो. माझं उत्तर दरवेळी एकच असतं. महाबळेश्वर या खेपेला सोडा आणि शनिवारची रात्र वाईत काढा. बाकीचं सगळं प्लॅनिंग त्यातून आपोआप सुटतं.

कारण सांगते. महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्या वाईत पोचतात साडेअकरा-बाराला, म्हणजे सगळ्या एकाच वेळी. नदीकाठच्या ढोल्या गणपतीच्या देवळाच्या आसपास गाडी लावायला जागा मिळेपर्यंत मुलं कंटाळलेली असतात, मग दर्शनाची रांग, फोटो, तिथून मेणवलीला जावं तर ऊन डोक्यावर, घाटाचा दगड इतका तापलेला की अनवाणी पाय टेकवत नाही. आई गाडीतच बसून राहणार, "तुम्ही या जाऊन" म्हणणार. आणि घरी येऊन सगळे सांगणार की वाईत काय, एक देऊळ आहे आणि एक घाट आहे. वाई हे नदीचं गाव आहे, आणि नदीवरचं गाव सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर बघायचं असतं. दुपारी गावातली माणसंसुद्धा नदीवर नसतात. तुमचे दोन-तीन तास नेमके त्या मधल्या वेळेत पडतात, म्हणून मुक्काम पाहिजे.

आता निघायचं कसं. ठाण्याहून वाई साधारण सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, पुण्यापासून धरलं तर नव्वदच्या आतबाहेर. शनिवारी पहाटे साडेपाचला गाडी बाहेर काढायचीच, सात वाजले की एक्सप्रेसवेचा घाट, मग पुण्याचा बायपास, मग खेड शिवापूरचा टोल, मग खंबाटकी, प्रत्येक ठिकाणी अर्धा-अर्धा तास जातो आणि तुम्ही दुपारी दोनला भुकेले पोचता. पहाटे निघालात तर नाश्ता पुणं मागे टाकल्यावर हायवेला करा. खंबाटकी ओलांडली की पुढे सुरूर फाटा, तिथे उजवीकडे वळायचं, हायवे सोडला की लगेच ऊस आणि हळदीची शेतं सुरू होतात. (वाई साताऱ्याकडून येणाऱ्यांना पाचवड फाट्यावरूनही लागते, पण तुमचा तो रस्ता नाही.) गाडी नसलेल्यांसाठी सांगते, स्वारगेटहून वाईला थेट एसटी आहेत, महाबळेश्वरच्या गाड्याही वाईवरून जातात. रेल्वेच्या भानगडीत पडू नका, वाईला स्टेशन नाही.

राहायला हॉटेल घेताना एकच बघा, ते गावात पाहिजे. वाईच्या नावाने दाखवली जाणारी बरीच रिसॉर्ट पसरणी घाटाच्या रस्त्याला किंवा धरणाच्या बाजूला असतात, छान असतील, पण मग पहाटे नदीवर जायला पुन्हा गाडी काढा, सगळ्यांना उठवा, आणि ते होत नाही. गावातली लॉज साधी असतात, स्विमिंग पूल वगैरे काही मिळणार नाही. आईंसाठी फोन करून विचारा की लिफ्ट आहे का किंवा खाली खोली मिळेल का, आणि टॉयलेट कमोडचं आहे का, हे तर आधी विचारा, फोटोत ते कोणी दाखवत नाही.

शनिवारी दुपारी काहीच करू नका. जेवा, झोपा. चारला बाहेर पडा आणि गणपती घाटावर या.

ढोल्या गणपतीला बहुतेक लोक समोरून जातात, दर्शन घेतात, बाहेर येतात, झालं. तुम्ही दर्शनानंतर मुलांना घेऊन देवळाच्या मागच्या बाजूला जा. मागची भिंत सरळ नाही, माशासारखी निमुळती होत गेलीय, नदीच्या वरच्या अंगाला तोंड करून. कृष्णेला पूर आला की पाणी त्या टोकावर येऊन आदळतं आणि फुटून दोन्ही बाजूंनी निघून जातं, भिंतीवर सपाट धडक बसत नाही. देऊळ १७६२ चं, गणपतराव भिकाजी रास्त्यांनी बांधलेलं, पुराच्या पाण्यात किती वेळा बुडलं असेल त्याला गणती नाही आणि तरी जागचं हललेलं नाही. आठवीतल्या मुलाला विचारा की हा आकार का दिला असेल, लगेच सांगू नका, त्याला नदीकडे बघू द्या आणि पाणी कुठून येतंय ते शोधू द्या. माझ्या ग्रुपमधली मुलं होडीचं टोक, मासा, असं करत करत बरोबर उत्तरापाशी येतात आणि मग ती भिंत त्यांची होऊन जाते.

आणि ते साल बघा, १७६२. पानिपत झालं १७६१ च्या जानेवारीत. रास्ते म्हणजे गोपिकाबाईंचं माहेर, नानासाहेब पेशव्यांची बायको, विश्वासराव आणि माधवराव पेशव्यांची आई. विश्वासराव पानिपतावर मारला गेला, त्याच वर्षी नानासाहेब गेले, आणि त्याच्या पुढच्याच वर्षी गोपिकाबाईंच्या माहेरच्यांनी नदीच्या पात्रालगत एवढं देऊळ उभं केलं. तिथे उभं राहून मला दरवेळी हे सांगावंसं वाटतं, कारण आपण पानिपत म्हटलं की सगळं संपलं असं शाळेत शिकतो आणि इथे दगड सांगतो की माणसं परत कामाला लागली होती.

शेजारीच काशीविश्वेश्वर आहे, तिथे गर्दी कमी असते, आवार मोठं आहे, दीपमाळा आहेत आणि काळ्या दगडाचा नंदी आहे ज्याच्या गळ्यातल्या माळा-घंटा त्याच दगडात कोरल्यात. आई-बाबांना इथे बसवा, सावली आहे, शांत आहे, ओटे बसण्याजोगे आहेत. तोवर तुम्ही मुलांना घेऊन घाटाने चालत जा.

वाईची रचना आळ्यांची. गणपती आळी, मधली आळी, ब्राह्मणशाही, रामडोह, धर्मपुरी, गंगापुरी, सिद्धनाथवाडी. आळीचा आपापला घाट आहे आणि कृष्णाबाईचा, म्हणजे कृष्णा नदीचाच, उत्सवही आळीआळीने होतो, एका घाटावरचा संपला की पुढच्या घाटावर, सात घाटांवर, माघ-फाल्गुनात. अफजलखान आला तेव्हा बोललेल्या नवसातून हा उत्सव सुरू झाला असं वाईत सांगतात. खानाचा वाईशी संबंध खराच आहे, वाईचा सुभा त्याच्याकडे होता, १६५९ मध्ये तो वाईला तळ देऊन बसला होता आणि इथूनच पुढे जावळीत उतरला. मुलांना प्रतापगडाची गोष्ट पाठ असते, पण त्या गोष्टीतला खान ज्या गावात थांबला होता त्या गावात आपण आत्ता उभे आहोत हे कोणी सांगितलेलं नसतं. उत्सवाच्या दिवसांत तुमचं जाणं झालं तर उत्तमच, कृष्णाबाईची मूर्ती आणून घाटावर मांडवात बसवतात, कीर्तनं असतात, प्रसादाची जेवणं असतात, आणि त्या आळीची माणसं तुम्हाला पाहुणे म्हणूनच वागवतात.

घाटावर एक पथ्य पाळा. तिथे बायका कपडे धुतात, कोणी अंघोळ करत असतं, काही ठिकाणी दहाव्याचे विधी चाललेले असतात. कॅमेरा खाली ठेवायचा. डोक्याला हात लावून बसलेल्या माणसाचा फोटो काढून "व्हायब्ज" लिहिणारे मी पाहिलेत, मला त्याचा मनापासून त्रास होतो. ते घाट बांधलेत याच कामांसाठी, आपण तिथे चार तासांचे पाहुणे आहोत.

रात्रीचं जेवण साधं करा, एखादी घरगुती खानावळ लॉजवाल्यालाच विचारा आणि संध्याकाळीच सांगून ठेवा किती माणसं येणार ते, म्हणजे भाकरी गरम मिळते. छोट्या गावात रात्री साडेनऊला गेलात तर उरलंसुरलं मिळतं.

रविवारी सकाळी साडेसहाला मेणवली. वाईपासून जेमतेम तीन किलोमीटर. चहा घेऊन निघा, नाश्ता नंतर. एवढ्या लवकर मुलं उठणार नाहीत असं वाटतं, पण मुलं उठतात, मोठ्यांनाच उठवावं लागतं.

मेणवली नाना फडणवीसांची. त्यांचा वाडा आहे, वाड्याच्या मागे घाट, घाटावर मेणेश्वराचं देऊळ आणि विष्णूचं देऊळ. घाट चंद्रकोरीसारखा वळलेला आहे, पायऱ्या अजून जागच्या जागी आहेत, सिनेमांची शूटिंगं इतकी झालीत की पहिल्यांदा गेलेल्यालाही कुठेतरी पाहिल्यासारखं वाटतं. वाडा खासगी मालकीचा आहे, त्यामुळे आतलं सगळं बघायला मिळेलच असं धरून जाऊ नका. उघडा असेल, कोणी दाखवणारं असेल तर चौक आणि भिंतींवरची चित्रं जरूर बघा, काय शुल्क असेल ते द्या, घासाघीस करू नका, असे वाडे सांभाळायला किती पैसे लागतात ते पावसाळ्याआधी छपरावर चढणाऱ्यालाच कळतं. बंद असेल तर कडी वाजवत बसू नका. घाट तुमच्यासाठी पुरेसा आहे.

खरी गोष्ट आहे मेणेश्वराजवळ टांगलेल्या घंटेची. लांबून बघितलं तर देवळातली मोठी घंटा, त्यात विशेष काय. जवळ जा, मुलांना तिच्याभोवती फिरू द्या. तिच्यावर बाळाला घेतलेली मेरी आहे आणि १७०७ हे साल आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांना दिल्या. नाशिकला पंचवटीत नारोशंकराच्या देवळावरची प्रसिद्ध घंटा त्यातलीच. तुम्ही ठाण्याचे, वसई तुमच्यापासून तासाभरावर, तेव्हा ही घंटा तुमच्याच भागातून इकडे आली असं मुलांना सांगा, त्यांना एकदम जवळचं वाटतं. मी मुलांना आधी काही सांगत नाही, फक्त म्हणते की घंटेवर एक चित्र आहे आणि एक साल आहे, शोधा. मग ती वाकून, मान तिरकी करून, बोटाने चाचपत शोधतात, कारण धातू काळवंडलाय आणि उठाव सकाळच्या तिरप्या उजेडातच नीट दिसतो. साल सापडलं की वजाबाकी करायला लावते, १७३९ वजा १७०७, बत्तीस वर्षं ती चर्चमध्ये वाजली, आणि नंतर दोनशेहून जास्त वर्षं शंकरापुढे. मेरीचं चित्र कोणी घासून काढलं नाही, तसंच ठेवलं, हे मला फार मोलाचं वाटतं आणि मी ते प्रत्येक ग्रुपला थांबून दाखवते. घंटा जोरजोरात बडवू नका एवढी विनंती.

आईंच्या गुडघ्यांचं: मेणवलीला गाडी लावल्यावर थोडं चालावं लागतं आणि घाटाकडे पायऱ्या उतराव्या लागतात. त्यांना देवळांच्या पातळीपर्यंतच आणा, तिथून नदी आणि अख्खा घाट दिसतो, खाली पाण्यापर्यंत जायची गरज नाही. पायऱ्या जुन्या आहेत, उंच-सखल आहेत, कठडा नाही, काठी असेल तर घ्या. सकाळी दगडावर दव असतं, रबरी सोलची चप्पल पाहिजे.

मेणवलीहून तसंच पुढे धोमला जा, धोम धरणाच्या आधीचं गाव, तिथे नरसिंहाचं आणि शंकराचं देऊळ आहे. लोक धोमला धरण बघायला जातात आणि देऊळ चुकवतात. शंकरापुढे कमळाच्या आकाराचं दगडी कुंड आहे, त्यात कासव आणि कासवाच्या पाठीवर नंदीचा मंडप. कुंडात पाणी भरलं की कासव नंदीला पाठीवर घेऊन पोहतंय असं दिसतं, हीच त्या कारागिराची कल्पना होती. तिसरीतल्या मुलीला किंवा मुलाला दोन दिवसांतलं हेच सगळ्यात जास्त लक्षात राहील, पैजेवर सांगते. आणि आईंनाही इथे त्रास नाही, फार चढउतार नाही.

साडेनऊ-दहाला परत वाईत, नाश्ता, मग बाजार. वाईची हळद घ्या. फेब्रुवारी-मार्चला गेलात तर शेतात हळद शिजवायच्या कढया लागलेल्या असतात, वाफेला असा एक मातीचा उग्र वास असतो जो पुडीतल्या हळदीला कधी येत नाही. शेतकरी कामात असतो पण विचारलं तर दाखवतो, शिजवलेली, वाळवलेली, पॉलिश केलेली कांडी वेगवेगळी हातात देतो. घरी दळून आणायची तयारी असेल तर कांडीच घ्या. (वर्ध्याकडची वायगावची हळद म्हणून जी जीआय मानांकनाची आहे ती वेगळी, नावामुळे लोक गोंधळतात.)

बाबांना वाचनाची आवड असेल तर त्यांच्यासाठी एक गोष्ट. मराठी विश्वकोशाचं काम याच गावातून झालं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्रमुख संपादक होते, ते प्राज्ञपाठशाळेतले. ती पाठशाळा केवलानंद सरस्वतींची, धर्मकोशाचं, म्हणजे धर्मशास्त्राच्या जुन्या ग्रंथांतली वचनं एकत्र करण्याचं, प्रचंड काम तिथलं, आणि विनोबा गांधीजींच्या आश्रमातून वर्षाची रजा घेऊन १९१७ मध्ये इथेच शिकायला आले होते. एवढ्याशा गावात हे सगळं. अडचण अशी की सरकारी ऑफिसला शनिवार-रविवार सुट्टी, त्यामुळे विश्वकोशाची इमारत बाहेरूनच बघावी लागेल. तिथल्या कामात खरंच रस असेल तर शुक्रवारची रजा टाका आणि आधी फोन करून जा.

काय सोडायचं तेही सांगते. पाचगणी सोडा, पसरणी घाट चढून टेबललँडला जाऊन घोडे आणि गर्दी बघण्यात अर्धा दिवस जातो. पांडवगड, वैराटगड, कमळगड सुंदर आहेत पण हा ग्रुप त्यासाठी नाही. प्रतापगड वेगळा दिवस मागतो. लोहाऱ्याजवळची पालपेश्वर लेणी जवळ आहेत, मुलांमध्ये उत्साह उरला असेल तर तुमच्यापैकी एकाने त्यांना घेऊन जावं.

एक मोह मात्र रास्त आहे, तो म्हणजे लिंब गावची बारा मोटेची विहीर. साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या काळातली, १७१९ ते १७२४ मध्ये बांधलेली, आमराईला पाणी द्यायला. विहिरीच्या आतच महाल आहे, जिना उतरून दाराखालून गेलं की आत दालन. मोट म्हणजे बैलांनी पाणी ओढायची चामड्याची पिशवी, नाव बारा मोटेची पण मोटा पंधरा लागायच्या, वरती उभं राहून मुलांना जागा मोजायला सांगा. पण ती साताऱ्याच्या अंगाला, म्हणजे तुम्हाला पुण्याच्या उलट दिशेला जावं लागेल आणि घरी पोचायला रात्र होईल. सोमवारी शाळा आहे, मी तरी म्हणेन राहू द्या.

रविवारी वाईतून दीड-दोनच्या आत निघा, जेवून लगेच. चारनंतर महाबळेश्वर-पाचगणीची सगळी गर्दी सुरूर फाट्यावर उतरते आणि पुढे खेड शिवापूरपर्यंत रखडत जावं लागतं. लवकर निघालात तर संध्याकाळी सात-साडेसातला घरी, आई-बाबांना पाय पसरायला मिळतात.

राहिलं कधी जायचं ते. तुमच्या माणसांना नोव्हेंबरचा शेवट ते फेब्रुवारी. पावसाळ्यात सगळं हिरवंगार असतं, पण धरणातून पाणी सोडलं की घाट पाण्याखाली जातात, ढोल्या गणपतीत पाणी शिरतं आणि शेवाळलेल्या पायऱ्या गुडघेदुखीवाल्यांसाठी सरळ धोका आहे. सप्टेंबरमध्ये कासच्या फुलांची गर्दी हायवेवर असते. एप्रिल-मेमध्ये दगड तापतो. रंगपंचमीला बावधनचं बगाड असतं, ते बघायलाच जायचं तर जरूर जा, बाभळीच्या लाकडाचा अवाढव्य गाडा बैल ओढतात, जोतिबाचा नाही तर भैरवनाथाचा उत्सव आहे तो, पण म्हाताऱ्या माणसांना घेऊन त्या गर्दीत नको. आणि पौष पौर्णिमेला मांढरदेवीची यात्रा, त्या आसपासच्या दोन-तीन दिवसांत वाईत ना खोली मिळते ना गाडी पुढे सरकते. म्हणजे तुमच्यासाठी जानेवारीतला एखादा शनिवार बरा, फक्त बुकिंगच्या आधी कालनिर्णय काढून पौष पौर्णिमा त्यात येत नाही ना ते बघून घ्या.